नारबोद कुठवर न्यायची

पोळ्याच्या सांजेला गोमतीने पुढच्या बैलाला ओवाळलं, कपाळाला कुंकू लावलं, सुवारीचा, म्हणजे पुरीचा, घास भरवला आणि ताट खाली ठेवता ठेवता म्हणाली, "बाई, मामाजीले सांगा. यंदा नारबोद त्या दगडापाशी नका टाकू म्हना."

ओसरीवरचं बोलणं थांबलं. बैल तेवढा चघळत राहिला.

'बाई' म्हणजे तिची थोरली जाऊ शांतीबाई. आणि मामाजी, म्हणजे सासरे नत्थूलाल पटेल, तिच्यापासून हातभर अंतरावर बैलाचा कासरा धरून उभे होते. पण पोवारांच्या घरात सून सासऱ्याशी समोरासमोर बोलत नाही. गोमती बोदलकशाहून या घरात आली त्याला आठ वर्षं झाली होती. तेवढ्या काळातलं तिचं सासऱ्यांशी सगळं बोलणं कुणाच्या तरी मार्फत झालेलं. शांतीबाईमार्फत, नवऱ्यामार्फत, आणि कुणीच नसलं तर ओसरीच्या खांबामार्फत. पटेलही नियम पाळत. एकदा घरात दोघंच असताना भाजीत मीठ कमी असल्याचं त्यांनी मांजराला सांगितलं होतं. मांजर जागचं हललं नाही, मीठ मात्र ताटात आलं.

शांतीबाईने पदर सारखा केला. पुढे काय सांगायचं ते तिला कळेना. नारबोदचं बोलणं बायकांनी करायचं नसतं, असं नाही. ते कुणीच करायचं नसतं. ती जाते तिथेच जाते.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी पहाटे त्यांच्या वाडीत, हिरडाटोल्यात, पळसाच्या फांद्या, गवत आणि तलावाची माती यांची एक बाई घडवतात. तिचं नाव नारबोद. प्रत्येक घर आपल्याला नको असलेलं तिच्या अंगावर बांधतं. तुटका झाडू, ढेकणं झालेली बाजेची दोरी, देवी आलेल्या लेकराचं फडकं. मग पटेलांच्या घरचा माणूस पुढे होऊन तिला शिवेबाहेर नेऊन टाकतो, गावाचं नाव घेऊन वर्षाची पिडा घेऊन जा म्हणतो, आणि सगळे मागे वळून न पाहता घरी येतात. टाकायची ती सूर्य बुडतो त्या बाजूला. उगवतीला गावदेवी मातामाय बसलेली आणि तिच्या खाली तलाव. तिकडे टाकलेलं पाण्याबरोबर परत धानाच्या बांध्यांत यायचं. म्हणून नत्थूलालांच्या आज्याच्याही आधीपासून हिरडाटोला आपला खोकला मावळतीला टाकत आला, आणि मावळतीला होतं गोंदिया. याबद्दल गोंदियाला कधी कुणी विचारलं नव्हतं.

गेल्या वर्षी उन्हाळ्यात हिरडाटोला गोंदियाच्या कमेटीत, म्हणजे नगरपालिकेत, गेला. आधीच्या साली सगळा जिल्हाच जुनं नागपूरचं राज्य सोडून मुंबई राज्यात गेला होता, पण तो गेलेला कुणाला दिसला नव्हता. हे दिसलं. कोतवालाने दवंडी दिली. जकातीचा नाका शिवेवरून उठला. घराघरावर पत्र्याचे नंबर ठोकले गेले. नत्थूलालांनी आपला नंबर गोठ्याच्या दाराला ठोकायला लावला. म्हणाले, कमेटीला मोजायचंच असेल तर माझे बैल मोजा. आणि त्या पोळ्याला नारबोद दरवर्षीसारखीच शिवेच्या दगडापाशी नेऊन टाकली.

दिवाळीच्या आधी गोमतीचा तान्हा मुलगा खोकून खोकून गेला.

आता तिची तीन वर्षांची रुख्मा तसंच खोकत होती. तोच आवाज, शेवटी श्वास ओढताना तीच शीळ. गोमतीने रोवणीच्या चिखलात वाकल्या वाकल्या सगळं महिनाभर मनात लावून पाहिलं होतं, आणि ते लागत होतं.

"दगड आता शिवंवर नाई राहिला," ती शांतीबाईकडे पाहत म्हणाली. "गाव पलीकडं गेलं. दगड गावाच्या मंधात आला. बाई, आपन पिडा गावातच टाकली. ते तिथंच पडून हाये."

थोरला मुलगा छोटेलाल खाटेवर बसून कमेटीच्या गोष्टी सांगत होता. तो कमेटीचा मेंबर झाला होता, पांढरी टोपी घालत होता आणि टोल्यात नळ येणार असं जवळजवळ रोज सांगत होता. त्याने हसून घेतलं. मग नारबोद कुठवर न्यायची, असं विचारलं. गोमतीने शांतीबाईला सांगितलं, जिथवर गाव आहे तिथवर. छोटेलालचं हसू उतरलं. मावळतीकडचा नाका गोंदियाच्या पार दुसऱ्या टोकाला होता. मधे भाताच्या मिली, रेल्वेची लाईन, बाजार, सेठ लोकांची गल्ली. त्या गल्लीतून मेंबराच्या घरच्यांनी झाडू बांधलेली गवताची बाई नाचवत न्यायची? त्याने भावजयीला बरंच समजावलं. कमेटीचा दवाखाना आहे, डॉक्टरने बाटली दिली आहे, ती वेळेवर पाजावी.

"बाटली पाजूनच राहिली मी," गोमती म्हणाली. "दवाईनं खोकला छातीतून निंघन. निंघल्यावर जाईन कोठी?"

याचं उत्तर बाटलीवर लिहिलेलं नव्हतं. डॉक्टरपाशीही असेल असं वाटत नाही.

तेवढ्यात नत्थूलाल बोलले, अर्थात बैलाशी. शिव बापजाद्यांनी ठेवली तिथेच आहे, कोण्या कारकुनाने नकाशावर रेघ ओढली म्हणून दगड चालायला लागत नाही, आणि या घरची नारबोद दगडाच्या पुढे जाणार नाही, असं त्यांनी बैलाला सांगितलं. त्यांचंही बरोबर होतं. नारबोद दगडापलीकडे नेणं म्हणजे, इथवर आमचं गाव आहे, असं चारचौघांत कबूल करणं. वर्षभर विलीनीकरणाच्या ज्या कागदावर त्यांनी सही केली नव्हती, ती सही पायाने करणं.

बापलेकांचं विलीनीकरणापासून एका गोष्टीवर पटलं नव्हतं. एक भात म्हणाला की दुसरा पोळी म्हणे. आज पहिल्यांदा दोघं एका बाजूला आले, तेही एका बाईला नाही म्हणायला. बाप म्हणे गाव बदललं नाही म्हणून नको, आणि लेक म्हणे गाव बदललं म्हणून नको.

शांतीबाईने दोघांकडे पाहिलं. गोमतीवर तिचा फार जीव होता असं नाही. चुलीवरून, दुधावरून, कुणाच्या माहेरची लोणची चांगली यावरून दोघींचं रोज काहीतरी असायचं. पण दिवाळीआधीच्या त्या सकाळी लेकरू शांतीबाईच्या मांडीवर होतं. गोमती पाणी आणायला उठली होती, तेवढ्यात. ते हलकं झालेलं तिच्या मांडीला कळलं होतं. हे तिने गोमतीला कधी सांगितलं नाही आणि गोमतीने कधी विचारलं नाही.

"तुमीच तं सालभर सांगून राहिले का आता सारं एकच गाव हाये म्हनून," ती नवऱ्याला म्हणाली. आवाज चढवला नाही. "नंबर ठोकाले एकच गाव, मत मांगाले एकच गाव. मंग नारबोद न्याले काऊन दोन गावं हायेत?"

छोटेलालने टोपी काढून मांडीवर ठेवली.

"अन् मामाजीले सांगा बाई," गोमती पुढे म्हणाली, "दगडच शिव असन तं असू द्या. मी सकारी रुख्माले घेऊन बोदलकशाले जातो, मायबापाकडं. तिथची शिव अजून ठिकानावर हाये."

हे ती रागाने बोलली असती तर सोपं होतं. तिने तर शिदोरीही बांधून ठेवली होती. शांतीबाईला आत कपड्यांचं गाठोडं दिसलं होतं. सासरच्या घरातून पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी, पाडव्याला, सून लेकरू घेऊन निघून जाणं म्हणजे काय, ते ओसरीवरच्या सगळ्यांना कळत होतं. गोमतीचा नवरा नंदलाल, पटेलांचा धाकटा, बैलांच्या शिंगांना बांधलेले बेगडी कागद सोडत बसला होता. तो एकूणच कमी बोलणारा. कागद सोडायचे थांबून तो म्हणाला, "मी उचलतो. म्हनान तिथवर."

आणि मग आतून रुख्माचा खोकला सुरू झाला.

असा खोकला सुरू झाला की घर थांबतं. शांतीबाईने हातातली समई तशीच धरून ठेवली. गोमती आत धावली. नत्थूलालांचा हात बैलाच्या वशिंडावर होता तो तिथेच राहिला. एकामागून एक उबळ येत होती, आणि दोन उबळींच्या मधे ती शीळ, जशी रिकाम्या बाटलीत वाऱ्याने वाजते. बैलानेही चघळणं थांबवलं. पटेलांना वाटलं, आता थांबेल. थांबला नाही. मग वाटलं, आता नक्की. बऱ्याच वेळाने थांबला, आणि त्या शांततेत सगळ्यांनी कान लावून श्वास ऐकला.

नत्थूलाल बैलाच्या कानाशी वाकले. "सांग तिले," ते म्हणाले, "पहाटे तयार राह्य म्हना. पायीच जा लागते. उद्या तुमाले जुपता नाई येत."

*

पाडव्याला बैल जुंपायचे नसतात, म्हणून नारबोद चौघांच्या खांद्यावर निघाली. घरोघरच्या दारात पळसाच्या फांद्या खोचलेल्या होत्या. पहाटेच्या अंधारात टोल्यातली माणसं नेहमीसारखी मागे आली, आणि दगडाजवळ नेहमीसारखी थांबली.

नत्थूलालांनी रुख्माला कडेवर घेतलं होतं. पोर हट्ट करून त्यांच्याकडे आली होती. ते दगडापाशी उभे राहिले. त्यांच्या वडिलांनी इथेच उभं राहून पिडा सोडली होती. पुढे रस्ता तोच होता, ज्यावरून ते हजारदा बाजाराला, कचेरीला, टेशनावर गेले होते. पण ते जाणं वेगळं. ते दुसऱ्याच्या दारात जाणं होतं, काम झालं की परत फिरायचं. दगडाला ते काही बोलले नाहीत. फक्त ओलांडताना त्यांनी चप्पल काढून हातात घेतली आणि पलीकडे गेल्यावर पुन्हा घातली. मग मागची माणसंही हलली.

छोटेलाल पंचवीस-तीस पावलं मागे होता. त्याने छत्री घेतली होती. पाऊस नव्हता. छत्री असली की माणूस आपल्या वेगळ्या कामाला निघालाय असं वाटतं, एवढाच तिचा उपयोग.

पहिली मिल लागली. बॉयलरची चिमणी अंधारापेक्षा काळी दिसत होती. धानाच्या कोंड्याच्या ढिगाशेजारी छत्तीसगढी हमाल आणि त्यांच्या बायका चुली पेटवत होत्या. गवताची बाई पाहून त्या उभ्या राहिल्या. एकीने विचारलं, ही कोण? गोमतीने सांगितलं. पोराटोरांचा खोकला नेऊन राहिलो, गावाबाहेर.

त्या बाईने क्षणभर विचार केला. मग झोपडीत जाऊन लेकराचं फाटकं आंगडं घेऊन आली. "हमरो घर के खाँसी ला ले जा दाई," ती म्हणाली, गोमतीला नाही, नारबोदला. आणि नंदलालने खांदा वाकवून दिला तसं तिने ते बांधलं आणि तीही मागोमाग निघाली.

तिथून ते सुरू झालं.

नत्थूलालांना गोंदिया समोरून माहीत होतं, दुकानाच्या बाजूने. आज नारबोद रुंद म्हणून मोठ्या रस्त्यावर मावत नव्हती. तिथे गाड्या लागल्या होत्या. ती मागच्या गल्ल्यांनी चालली, आणि त्यांना गावाची पाठ दिसली. परसं दिसली, न्हाण्या दिसल्या, वाळत घातलेली लंगोटी दिसली. आणि खोकले ऐकू आले. आधी त्यांना वाटलं रुख्माच खोकतेय. मग कळलं की नाही, तो समोरच्या घरातून येतोय. आणि हा डावीकडून, म्हाताऱ्याचा. हा वरच्या माळ्यावरून, बाईचा, दाबून खोकलेला. दिवस उजाडायच्या वेळी सगळं गाव खोकत होतं. एवढी माणसं! दुसऱ्याच्या गावातली माणसं खोकत असतील हे त्यांच्या मनातच कधी आलं नव्हतं. खोकला टोल्यातून निघून इकडे यायचा आणि संपायचा, असंच ते साठ वर्षं धरून चालले होते.

बिडीवाल्या बायका ओट्यावर सूप मांडीवर घेऊन कामाला बसत होत्या. त्यांनी तंबाखूची धूळ झाडलेलं जुनं सूप दिलं. कुणी हिंदीत विचारलं, कुणी मराठीत, आणि एका घरातून कुणीतरी अशा भाषेत विचारलं की टोल्यातल्या कुणालाच ती कळली नाही. पण त्या बाईने स्वतःच्या छातीवर हात ठेवून दाखवलं आणि सासूची मोडकी काठी आणून बांधली. समजावून सांगावं लागलं नाही.

रेल्वेचं फाटक बंद होतं. मालगाडी जात होती, आणि जातच होती. रुख्मा आज्याच्या मानेला घट्ट धरून डबे पाहत होती.

"आजा, हेबी आपल्या गावात हाये?"

नत्थूलालांनी गाडीकडे पाहिलं. मागचा डबा अजून वळणापलीकडेच होता. "जाईपर्यंत हाये," ते म्हणाले.

फाटक उघडलं आणि पुढे सेठांची गल्ली आली, तसा छोटेलाल आणखी मागे राहिला. या गल्लीत त्याचं उठणं-बसणं होतं. इथे त्याला मेंबरसाब म्हणत. अडतदार चुन्नीलाल सेठ ओट्यावर कडुनिंबाची काडी चघळत उभाच होता, आणि त्याची जीभ गोंदियात प्रसिद्ध होती. नारबोद त्याच्यासमोर आली. आता तिच्या अंगावर अर्ध्या शहराच्या चिंध्या होत्या. मूळचं गवत दिसेनासं झालं होतं. सेठने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. मग खांदेकऱ्यांना पाहिलं. मग छत्रीवाल्या छोटेलालला पाहिलं. छोटेलालने मनातल्या मनात एक उत्तर तयार ठेवलं.

चुन्नीलालने काडी तोंडातून काढली, बाजूला थुंकला आणि घराकडे तोंड करून हाक मारली. आतून त्याची म्हातारी आई आली, भिंतीला धरत. तिच्या हातात दम्याच्या औषधाची रिकामी बाटली होती. तिने ती स्वतः बांधली. हात कापत होते म्हणून वेळ लागला, आणि सगळी वरात त्या बाटलीसाठी थांबून राहिली.

"मेंबरसाब," चुन्नीलाल म्हणाला, "पिछले साल हमारे मोहल्ले में क्यों नहीं लाए?"

छोटेलालने तयार ठेवलेलं उत्तर या प्रश्नाचं नव्हतं. त्याने छत्री मिटली. ती चुन्नीलालच्या ओट्यावर टेकवून ठेवली आणि पुढे जाऊन नंदलालला म्हणाला, "सरक जरासा."

नंदलाल सरकला. छोटेलालच्या खांद्यावर बांबू आला तेव्हा त्याचा गुडघा वाकला. एवढं जड असेल असं त्याला वाटलं नव्हतं. शांतीबाई मागून पाहत होती. तिने गोमतीला कोपराने ढोसलं.

*

मावळतीकडचा नाका म्हणजे रस्त्यावर आडवा बांबू, एक टपरी आणि टपरीत कंदिलासकट एक मुन्शी. त्याच्यासमोर आता वाटेत मागे लागलेल्या माणसांसकट एवढा जमाव होता की तो आधी उभा राहिला आणि मग त्याने टोपी घातली. माल काय आहे, त्याने सवयीने विचारलं.

"पिडा," नंदलाल म्हणाला.

मुन्शीने नारबोदकडे पाहून घेतलं. "बाहेर जाऊन राहिली ना? जाऊ द्या. आत येत असती तर जकात घेतली असती." आणि त्याने बांबू वर केला.

पण बांबूपलीकडे माणूस उभा होता. धोतर खोचलेला, हातात फावडं, धानाच्या बांधीतून तसाच चिखलाच्या पायांनी वर आलेला. त्याच्यामागे शेताचा धुरा, म्हणजे बांध होता, त्यापलीकडे पोटरीवर आलेलं हिरवं धान, आणि त्याच्याही मागे पाच-दहा घरांचा एक टोला, झाडांत दडलेला.

"इथं नाई," तो म्हणाला. "माह्या धुऱ्यावर नाई टाकाची."

नंदलालने नाव विचारलं. बकाराम. त्याचं नाव सांगून झालं तरी फावडं तसंच आडवं होतं. छोटेलालने त्याला सांगून पाहिलं की ही रीत आहे, जुनी आहे, नारबोद शिवेबाहेरच टाकतात.

"तुमची शिव सरली का माही सुरू होते," बकाराम म्हणाला. "तुमी बाहेर म्हनता, ते माहं घर हाये."

खांदेकऱ्यांनी बांबू एका खांद्यावरून दुसऱ्यावर घेतला. नत्थूलाल रुख्माला घेऊन पुढे झाले आणि फावड्यासमोर उभे राहिले. त्यांना तो माणूस ओळखीचा वाटत होता, आणि कुठे पाहिला ते आठवत नव्हतं. मग कळलं. तो असाच उभा होता जसे ते स्वतः वर्षभर दगडापाशी उभे होते.

"आमी एवढे साल टाकत आलो," ते सावकाश म्हणाले. "आमाले तं कोनी आडवलं नोतं."

"तुमी विचारलं नसन."

नत्थूलालांनी मान हलवली. विचारलं नव्हतं, खरंच. दगडापलीकडे कुणी फावडं घेऊन उभं नव्हतं म्हणून तिथे कुणी नाही, असं वाटलं होतं.

"तुह्या घरी कोनी खोकते का?" त्यांनी विचारलं.

फावडं खाली टेकलं. "माय," तो म्हणाला.

"जाय. तिचं काई आन. टाकत नाई आमी. इथंच बांबूखाली जाळतो, तुही बी अन् आमची बी."

तो टोल्याकडे गेला तेव्हा घाईत नव्हता. परत आला तेव्हा पळत होता. त्याच्या हातात वाकळीचा एक कोपरा होता, चुलीच्या धुराने काळा झालेला. नारबोद नाक्याच्या बांबूच्या बरोबर खाली, रस्त्याच्या मधोमध उतरवली होती. त्याने तो तुकडा तिच्या पायाशी ठेवला. मग गोमती पुढे आली. तिने पदराखालून एक टोपरं काढलं, लाल काठाचं, तान्ह्याचं. टोल्यातून निघताना तिने ते बांधलं नव्हतं. शांतीबाईने ते ओळखलं आणि तोंड वळवलं. गोमतीने ते चिंध्यांमध्ये कुठे खोचलं ते मग कुणाला दिसलं नाही.

गवत दवाने ओलं होतं, पेट घेईना. मुन्शीने कंदिलातलं रॉकेल दिलं.

आता गावाचं नाव घ्यायचं होतं. नाव घेतल्याशिवाय पिडेला कळत नाही ती कुणाची. नत्थूलालांनी तोंड उघडलं आणि मिटलं. हिरडाटोला म्हणावं तर मागे ही सगळी माणसं उभी. हमाल, बिडीवाल्या, चुन्नीलालच्या घरचा गडी, आणि कोण कोण, त्यांना नावंही माहीत नव्हती. बाटली, काठी, सूप सगळं तिच्या अंगावर. गोंदिया म्हणावं तर बकाराम बाहेर राहत होता. त्यांनी छोटेलालकडे पाहिलं. मेंबर जमिनीकडे पाहत होता. मग त्यांनी वळून सुनेकडे पाहिलं. मधे शांतीबाई नव्हती, खांब नव्हता, बैल नव्हता.

"सूनबाई," ते म्हणाले, "कोन्तं गाव म्हनू?"

गोमतीच्या डोक्यावरचा पदर घसरला होता. तिने तो सावरायला हात वर नेला आणि तसाच ठेवला.

"मामाजी, जेवढं चालून आलो तेवढं."

आठ वर्षांत त्यांनी तिचा आवाज शेकडो वेळा ऐकला होता. पण तो नेहमी दुसरीकडे जाताना ऐकला होता. आज पहिल्यांदा तो त्यांच्याकडे आला. त्यांनी तो नीट आत घेतला. मग त्यांनी हाक दिली, बाप देत असे तशी, लांब, गळ्याच्या तळापासून.

"टोल्याची, तलावाच्या पाळीची. मिलीची, हमालाइची. बिडीवाल्या बायाइची. फाटकाची, रेल्वाइच्या लोकाइची. बजाराची, सेठाइच्या बुढीची. नाक्याची. अन् ह्या धुऱ्याची, बकारामच्या मायची. खासी-खोकला, ताप-फोड, घेऊन जा गे नारबोद."

"घेऊन जा गे नारबोद," मागून आवाज आला. नत्थूलालांनी ती हाक आयुष्यभर ऐकली होती, पण ती वीस-पंचवीस घरांची असे. ही तशी नव्हती. ही त्यांच्या पाठीला लागली, वाऱ्यासारखी, आणि तिच्यात असे सूर होते ज्यांना नारबोद नीट म्हणताही येत नव्हतं. चुन्नीलालचा गडी आणि हमालाची बायको एकाच वेळी डोळे मिटून उभे होते.

आगीने पळसाच्या फांद्यांना धरलं. आता मागे पाहायचं नव्हतं. सगळे वळले.

आणि वळल्यावर समोर गाव होतं.

टोल्यात नारबोद टाकून वळलं की समोर आंब्याची चार झाडं आणि आपली कौलं दिसत. इथे वळल्यावर उगवता सूर्य थेट डोळ्यांत आला आणि त्याच्याखाली चिमण्या, एकामागून एक, ज्यांचा धूर नुकताच सरळ वर जायला लागला होता. कौलांच्या रांगा, त्यामागे रांगा, देवळाचा कळस, मशिदीचा मिनार, पाण्याची टाकी, आणि या सगळ्याच्या आरपार एक गाडी शिट्टी देत निघाली होती. इतका वेळ ते त्यातून चालत आले होते, पण आतून चालताना ते दिसलं नव्हतं. कुणीतरी 'अरे बाप्पा' म्हणालं, अगदी हळू. नत्थूलाल थांबले. त्यांना वाटलं, हे सगळं आपल्यात मावायचं कसं. मग वाटलं, आपण त्याला पुरायचं कसं.

"मामाजी," गोमती दबक्या आवाजात म्हणाली, "रुख्मा मांगं पाहून राहिली."

रुख्मा आज्याच्या खांद्यावर हनुवटी टेकून होती. सगळ्या वरातीत तिचं एकटीचं तोंड आगीकडे होतं. हे कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. गोमतीने हात पुढे केला, तिचं तोंड फिरवायला. नत्थूलालांनी मान न वळवता विचारलं, "काय दिसते गे माय?"

"जळून राहिलं," रुख्मा म्हणाली. मग थोडं थांबून, "तो फावड्यावाला बावाबी घरी जाऊन राहिला. तोबी मांगं पाहून नाई राहिला."

आणि ती खोकली. एकदा, मग दुसऱ्यांदा. नत्थूलालांना तो खोकला आपल्या खांद्याच्या हाडात कळला. गोमती थांबली. बाकीचेही चालायचे थांबले, पण मागे कुणी पाहिलं नाही. उबळ आली, चढली, आणि शीळ वाजण्याआधी उतरली. त्यावरून काही ठरवता येत नव्हतं. रुख्माने डोकं त्यांच्या मानेत खुपसलं.

ते चालायला लागले. उन्हामुळे डोळे बारीक करावे लागत होते. गोमती मागून एका पावलावर चालत होती, आणि थोड्या वेळाने तिने पुन्हा त्यांच्याशीच बोलून पाहिलं, जरा चाचपडत, नव्या पुलावर पाय ठेवावा तसं.

"मामाजी, थकले असान तं द्या तिले माह्याकडं."

टोला गोंदियाच्या पार पलीकडे होता. मधे बाजार होता, फाटक होतं, मिली होत्या, आणि तो दगडही होता. त्यांनी नुकतंच नाक्याजवळचं पहिलं घर ओलांडलं होतं, आणि त्या घरातली बाई दारात पाण्याचा तांब्या घेऊन उभी होती.

"राहू दे," नत्थूलाल म्हणाले. "घर आलंच."